नाकात वाढलेले मांस आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

नाकात मांस वाढले आहे असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो पॉलिप असतो, म्हणजे दीर्घकाळच्या सुजेने फुगून लोंबू लागलेले नाकाचे किंवा सायनसचे अस्तर. सोललेल्या द्राक्षासारखा फिकट आणि सहसा न दुखणारा. त्रास वेगळाच असतो. नाक सदा चोंदलेले, डोके जड, आणि फोडणी करपली तरी वास नाही. दमेकऱ्यांत तो अधिक आढळतो. सुश्रुतसंहितेत नासार्श म्हणून याचे वर्णन आहे.

पहिला उपाय औषधाचा, स्टेरॉइडच्या फवाऱ्याचा. त्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. पूर्वी तारेच्या फाशात पॉलिप पकडून ओढून काढत. आतले मूळ दिसतच नसे, म्हणून तो पुन्हा वाढे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने नाकाच्या आतील रचनेचा अभ्यास केला, आणि 1980 च्या दशकात स्टामबर्गर व केनेडी यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा जगभर प्रसार केला. साधारण 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतूनच जाते, चेहऱ्यावर छेद लागत नाही. पॉलिप काढून सायनसची तुंबलेली तोंडे मोकळी केली जातात. सायनस आणि डोळ्याची खोबण, तसेच सायनस आणि मेंदू यांच्यामध्ये कागदाएवढे पातळ हाड असते. म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच; त्यावर पैसे वाचवू नयेत. नंतर मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि फवारा महिनोन्‌महिने चालतो. तो सोडला की पॉलिप परतण्याची शक्यता वाढते.

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली, तिथून गोंदिया-भंडारा आणि पलीकडे छत्तीसगड, या तळ्या-बोड्यांच्या मुलखात मात्र आणखी एका रोगाचा विचार करावा लागतो: ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. गोळा लालसर, वर बारीक पांढरे ठिपके, हात लागताच रक्त. बहुधा एकाच नाकपुडीत. गुरे जिथे डुंबतात त्या साचलेल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्यांत तो जास्त दिसतो, पण माणसाकडून माणसाला लागत नाही. 1900 साली अर्जेंटिनात सीबर यांनी त्याचे वर्णन केले. त्याच्या जंतूला दीर्घकाळ बुरशी मानले गेले; माशांच्या परजीवींशी त्याचे नाते जनुकीय तपासणीने 1990 च्या दशकात उघड झाले. इथे फवारा कामाचा नाही. दुर्बिणीने गोळा काढून त्याची बैठक विद्युतदाहाने जाळावी लागते, काहींना पुढे डॅप्सोनच्या गोळ्याही देतात. तरीही तो उलटतो.

एकाच बाजूचे नाक बंद असेल किंवा वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेला की नाही हे विचारून घ्यावे.