वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी भाचा सकाळीच आला, पोह्यांची बशी बाजूला सरकवली आणि टेबलावर एक कागद पसरला. बिल्डरच्या सेल्स ऑफिसातून आणलेली कॉस्ट शीट. पुण्यातला प्रकल्प, इमारत अजून जोत्यापर्यंतही आलेली नाही, फ्लॅट ८० लाखांचा. खाली बारीक अक्षरात पैशांचं वेळापत्रक: बुकिंगला ५१ हजार, पंधरा दिवसांत १० टक्के पूर्ण, महिन्याभरात आणखी १० टक्के, ‘तदनंतर ॲग्रीमेंट’.

“मावशी, सोळा लाख उभे करायचेत. पीएफमधून किती काढता येतात?”

मी म्हटलं, “सोळा लाख कुणी सांगितले?”

“सगळेच सांगतात. वीस टक्के आपले भरावेच लागतात ना? मग ॲग्रीमेंट होतं, मग बँक.”

गृहकर्जाच्या टेबलावर नोकरीची बरीच वर्षं काढल्यामुळे हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं. होत नाही. रेरा कायदा पूर्णपणे लागू होऊन (१ मे २०१७) इतकी वर्षं झाली, तरी ‘वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट’ हे अजून छापील कागदावर येतं आणि शिकली-सवरलेली मुलं ते नियम समजून घरी घेऊन येतात.

तर नियम असा. रेराच्या कलम १३ प्रमाणे विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आगाऊ रक्कम म्हणा, अर्ज शुल्क म्हणा, ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’सारखं गोंडस नाव द्या, वेगवेगळ्या तारखांच्या चार पावत्या फाडा; बेरीज १० टक्क्यांच्या पुढे गेली की नियम मोडला. त्यासाठी प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. आणि १० टक्के ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. दोन लाख भरून करार नोंदवायला कायद्याची काही हरकत नाही. बिल्डरची असेल, तर तो घासाघिशीचा विषय.

मग हे वीस टक्के आले कुठून? महाराष्ट्रात त्याला जुनं मूळ आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात, आगाऊ रकमेला २० टक्क्यांची मर्यादा होती. आकडा लोकांच्या डोक्यात तिथून बसला असावा. पण त्याच वाक्यातली दुसरी अट सगळे सोयीस्कर विसरले: ती आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, असंच मोफाही सांगत होता. म्हणजे ‘आधी वीस टक्के, मग ॲग्रीमेंट’ हे आजच्या कायद्यात तर नाहीच, साठ वर्षांपूर्वीच्याही नव्हतं. चालत आलं म्हणून ते नियम झालं.

भाच्याचं म्हणणं, “आज ना उद्या भरायचेच आहेत, आधी भरले तर बिघडलं काय?”

बरंच बिघडतं. कराराआधी तुमच्या हातात पावत्या आणि फार तर अलॉटमेंट लेटर असतं. ताबा कधी, चटई क्षेत्र नेमकं किती, पार्किंग कुठलं, हे बिल्डरला बांधून टाकणारं कागदपत्र म्हणजे नोंदवलेला करार. करार झाला की बिल्डरला तुमचा फ्लॅट गहाण टाकता येत नाही. टाकलाच तरी तुमच्या हक्काला धक्का लागत नाही. कराराच्या अटींबाहेर जाऊन तो रद्दही करता येत नाही. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागताना पहिला प्रश्न येतो तो करारातल्या तारखेचा. ॲग्रीमेंटच नसेल, तर ताब्याची तारीख ब्रोशरमधून सिद्ध करत बसायचं.

शिवाय कराराआधीच्या टप्प्यावर बँक तुमच्याबरोबर नसते. नोंदणीकृत करार हातात पडल्याशिवाय बँक कर्जाचा हप्ता सोडत नाही. म्हणजे कराराआधीचा प्रत्येक रुपया तुमच्या घामाचा. बँक तिचा पैसा करारावाचून काढत नाही आणि आपण बापाची एफडी मोडतो. यात शहाणं कोण, हे मी भाच्याला विचारलं नाही. पोहे गार होत होते.

आता दुसरे वीस टक्के. हे खरे आहेत, पण ते वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांवर ७५ टक्के कर्ज देता येतं. टप्पे कर्जाच्या रकमेवर आहेत, घराच्या किमतीवर नव्हेत. त्यामुळे ८० लाखांच्या घराला ६४ लाख कर्ज बसू शकतं आणि स्वतःचे १६ लाख घालावे लागतात. बँकेच्या भाषेत हे मार्जिन मनी. त्याच्या पावत्यांना एजंट लोक ‘ओसीआर’ म्हणतात, म्हणजे स्वतःचा वाटा भरल्याचा पुरावा. हे १६ लाख बँकेला बघायचे असतात. ते कराराआधीच बिल्डरच्या खात्यात गेले पाहिजेत असं बँक म्हणत नाही. दोन्ही आकडे योगायोगाने वीस, आणि सेल्सच्या पोराला हा योगायोग फार आवडतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १० टक्क्यांच्या मर्यादेने तुमचे पैसे वाचत नाहीत, फक्त क्रम बदलतो. महाराष्ट्राच्या नमुना करारात करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत अशी चढती मर्यादा आहे आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर ताब्याच्या वेळी. बहुतेक बँका आधी तुमचा वाटा भरून घेतात, मग स्वतःचा सोडतात. तेव्हा करारानंतर लगेचच उरलेले आठ लाख लागतील, हे धरून चाला.

आणि सोळा लाखांत काम भागतं, हा गैरसमज तर वीस टक्क्यांपेक्षाही महाग पडतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च साधारणपणे बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. (नवरा-बायकोच्या जोड नावावर ही सवलत मिळते असं समजून येणारी जोडपी मी मोजणं सोडून दिलं होतं.) नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणारं, ४५ लाखांपर्यंतचं घर असेल तर १ टक्का. आता बेरीज करा: १६ अधिक ५.६ अधिक ०.३ अधिक ४. सव्वीस लाखांना दहा हजार कमी. जीएसटीचा काही भाग कर्जात बसतो का, ते बँकेला आधी विचारावं. काही ठिकाणी बसतो. मुद्रांक शुल्काचं मात्र तुमचं तुम्हीच बघायचं, आणि तेही करार नोंदवायच्या वेळीच. भाच्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज दोनदा केली आणि पीएफचा विषय बाजूला ठेवून ‘छोटा फ्लॅट बघू का’ असं विचारलं. हा प्रश्न त्या दिवसातला सर्वात शहाणा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बुकिंग रद्द केलं की पैसे बुडाले.’ नाही. महारेराने २०२२ साली अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिला. त्यात रद्द करण्याचं पत्र १५ दिवसांत गेलं तर कपात शून्य, पुढे दिवसांप्रमाणे १ ते २ टक्के. अलॉटमेंट लेटर न घेता नुसती पावती घेऊन घरी आलात, तर हे सगळं वाद घालण्यापुरतं उरतं.

‘करारात २० टक्के जप्त लिहिलंय, म्हणजे जाणारच.’ गुरुग्रामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशी एकतर्फी अट मान्य केली नाही आणि कपात मूळ किमतीच्या १० टक्क्यांवरच ठेवली.

‘थोडं रोख दिलं तर भाव कमी होतो.’ जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच, आणि तो घेणाऱ्याला. भाव कमी का होतो, ते यावरून ओळखा.

‘टीडीएस बिल्डर बघतो.’ तो तुम्हीच कापायचा. घर ५० लाख किंवा त्यावरचं असेल, तर बुकिंगच्या रकमेपासून प्रत्येक हप्त्यातून १ टक्का.

‘जितकं डाऊन पेमेंट जास्त तितकं बरं.’ वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी लाखामागे हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो. तेवढे वाचवायला शिल्लक शून्यावर आणली आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली, तर बँक तो जादा लाख परत देत नाही.

‘१० टक्क्यांचा नियम सगळीकडे लागू.’ जुना फ्लॅट घरमालकाकडून घेताना नाही. रेरा बिल्डरला बांधतो, तुमच्या-माझ्यासारख्या विकणाऱ्याला नाही. तिथे टोकन किती द्यायचं ते दोघांनी ठरवायचं, आणि पावतीवरचा शब्द बघायचा. ‘इसार’ म्हणजे व्यवहार पाळण्याची हमी. घेणारा मागे फिरला तर विकणारा तो ठेवून घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा प्रकरणात स्पष्ट केलं. नुसता ‘किमतीपोटी अग्रिम’ असेल तर तसा हक्क आपोआप येत नाही. दलाल मात्र दोन्हीला टोकनच म्हणतो आणि वहीच्या पानावर ‘एक लाख मिळाले’ एवढंच लिहून देतो. त्याच पानावर आणखी तीन ओळी लिहून घ्या: रक्कम कशापोटी, कर्ज मंजूर झालं नाही तर किती दिवसांत परत, आणि सोसायटीची किंवा आधीच्या कर्जाची थकबाकी निघाली तर काय. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.