जोडीजोडीनं वाचलेलं वर्ष

गेल्या पाडव्याला आमच्या वाचनमंडळाची पहिली यादी ठरली. उत्साह असा की एकट्या चैत्रात श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड संपवायचं ठरलं. 1987 साली आलेली ही कादंबरी चार पिढ्यांची, आणि दोन्ही खंड मिळून उशाला घ्यावेत एवढ्या जाडीची. महिनाअखेरच्या रविवारी कोण कुठवर आलं याची विचारणा झाली, तर बहुतेकांची गाडी पहिल्याच खंडात रुतलेली. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू तेवढ्या दोन्ही खंड वाचून आल्या होत्या. पण बोलणार कोणाशी? शेवट सांगू नका म्हणून सगळे त्यांच्याकडे हात जोडून बसले होते.

मंडळ म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हे. नाशिकमधली सातआठ माणसं महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी चहाला जमतात, पुढच्या महिन्यात काय वाचणार ते सांगतात आणि सरत्या महिन्यात काय वाचलं याचा हिशोब देतात. नियम एकच, कथानक सांगायचं नाही. पुस्तकात जिथं थांबलात, मागं फिरून पुन्हा वाचलंत, ती जागा सांगायची. 'छान आहे', 'वाचनीय आहे' असले शेरे आम्ही पहिल्याच बैठकीत हद्दपार केले, ते बरं झालं. मराठी माणसाला पुस्तक आवडलं की तो लेखकाच्या आठवणींत शिरतो, नाही आवडलं की किमतीवर घसरतो. पुस्तक मधल्यामध्ये राहून जातं.

वर्षाला वळण लागलं ते मे महिन्यात, आणि तेही ठरवून नाही. यादीत प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' होतं. वाचनालयात त्याची एकच प्रत होती आणि ती ज्याच्या हाती लागली तो गावाला निघून गेला. मग दोघातिघांनी घरात होतं म्हणून व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' वाचलं. महिनाअखेरीला एका बाजूला हिमालयातला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला माणदेशातली धनगरवाडी, असे दोन तट पडले. बोलता बोलता लक्षात आलं की पुस्तकं दोन असली तरी सांगाडा एकच आहे. शहाण्या घरचा तरुण नोकरीनिमित्त अनोळखी मुलखात जातो, तिथल्या माणसांत मिसळतो, त्यांच्या हातांनी काहीतरी उभं करतो आणि निघून येतो. 1981 सालच्या 'रारंग ढांग'मध्ये विश्वनाथ मेहेंदळे हा इंजिनियर उभ्या कड्यातून रस्ता काढतो. 1955 सालच्या 'बनगरवाडी'तले राजाराम मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतात आणि तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात.

खरी गंमत फरकात होती. विश्वनाथच्या वरती लष्करी हुकमाची उतरंड आहे. माणसाचा जीव मोलाचा की ठरलेली तारीख, हा त्याचा प्रश्न. तो शिस्तीला आडवा जातो आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत पोचतं. राजाराम मास्तरांवर साहेबाचा असा धाक नाही. त्यांना कारभाऱ्याची मर्जी राखायची आहे, मुलं शाळेत टिकवायची आहेत, गावातली भांडणं मिटवायची आहेत. विश्वनाथचा रस्ता पुढं वापरात येणार हे उघड आहे. मास्तरांची तालीम उभी राहते आणि पाठोपाठ दुष्काळ पडतो; माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जातात. काकूंनी त्या दिवशी सांगितलेली जागा अजून माझ्या डोक्यात आहे. बैल मिळत नाही म्हणून शेकूची बायको बैलाच्या जागी औताला खांदा देते, तो प्रसंग. माडगूळकर तिथं एक शब्द जास्त खर्चत नाहीत. पेंढारकर मूळचे चित्रपट माध्यमातले, भालजींचे चिरंजीव. त्यांना दृश्य मोठं करून दाखवायची सवय आहे. दोघांपैकी कोण सरस यावर एकमत झालं नाही, पण त्या रविवारी तासभर कोणी घड्याळाकडं पाहिलं नाही. उठता उठता ठरलं की पुढल्या महिन्यापासून एकटं पुस्तक यादीत घ्यायचंच नाही, जोडी घ्यायची.

पावसाळ्यासाठी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणि कृष्णात खोतांचं 'रिंगाण' अशी जोडी लावली. दोन्हींचा विषय धरणग्रस्त, दोन्हींना साहित्य अकादमी, एकाला 1992 साली आणि दुसऱ्याला 2023 साली. महाराष्ट्रात धरणाखाली जाणाऱ्या गावांची लढाई 1921 सालच्या मुळशी सत्याग्रहापासून चालू आहे आणि पुनर्वसनाचा कायदा झाला 1976 साली. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत उठवल्या गेलेल्या माणसांचं काय झालं, ते 'झाडाझडती' कचेऱ्या, मोजण्या, दलाल आणि मोर्चे यांतून दाखवते. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस त्या यंत्रणेत कसा भरडला जातो ते वाचताना चीड येते, आणि लेखकाला ती यायलाच हवी आहे. 'रिंगाण'मध्ये मोर्चा नाही. उठवलेल्या गावातला एक माणूस मागं राहिलेली जनावरं आणायला पुन्हा जुन्या मुलखात जातो, एवढंच. पण माणूस निघून गेल्यावर जनावर रानटी होतं आणि आपल्याच धन्याला ओळख देत नाही, यात विस्थापनाचं जे दुःख उतरलंय, ते 'झाडाझडती'तल्या आकडेवारीच्या आणि भाषणांच्या आवाक्यात आलेलं नाही, असं माझं मत आहे. मंडळातल्या जलसंपदा खात्यातल्या गृहस्थांना ते अजिबात पटलं नाही. 'झाडाझडती' नसती तर 'रिंगाण' समजलंच नसतं, कारण जनावरं मागं का राहिली हे कागदपत्रांत दडलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा खोडून काढता आला नाही.

भाद्रपदात विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आणि नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. वर्षातली ही सगळ्यात रंगलेली जोडी. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी घरावरचं कर्ज फेडायला निघाले. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढीच आशा. साल 1857. वाटेत बंड पेटलं आणि भटजीबुवा थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. पुढं चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहानं त्यांनी सगळं लिहून काढलं. ते 1907 साली छापलं गेलं आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली पुन्हा काढलं. दोन्ही पाठांत फरक आहे; घेणार असाल तर पोतदारांची प्रत किंवा तिच्यावर बेतलेली आवृत्ती शोधा.

झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी गोडसे भटजींना राणी भेटते. तिला तहान लागलेली असते. हे पाणी काढून द्यायला पुढं होतात, तर विद्वान ब्राह्मणाकडून कशी सेवा घेऊ म्हणून ती स्वतः दोर-मडकं हाती घेते. हा प्रसंग आम्ही सगळ्यांनीच थांबण्याची जागा म्हणून सांगितला. पण एका कॉलेजातल्या मुलीनं वेगळीच जागा काढली. भटजी जिथं जातील तिथं काय जेवले, किती दक्षिणा पडली आणि कुठं लुटले गेले याची नोंद ठेवतात. साम्राज्य कोसळत असताना हा माणूस कमरेच्या कशात किती उरलं ते मोजतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो, असं ती म्हणाली.

नंदा खरे पेशानं इंजिनियर, बखर लिहिली 1997 साली, आणि त्यांनी अगदी हीच नस धरली. त्यांचा अंताजी अठराव्या शतकातला, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या बघणारा, पोटाच्या मागं फिरणारा. शौर्याच्या गोष्टी सांगायच्या ठिकाणी तो बेरकीपणानं डोळा मारतो. त्या स्वाऱ्यांच्या धसक्यानं कलकत्त्यात मराठ्यांना अडवायला खंदक खणला गेला, हे आपण शाळेत अभिमानानं शिकतो; खंदकाच्या पलीकडच्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार अंताजी आपल्याला करायला लावतो. एक पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं, दुसरं सर्वस्वी कल्पनेचं. तरी एकामागून एक वाचल्यावर अंताजी हा गोडसे भटजींचा चुलत पणजोबा वाटू लागतो.

नवरात्रात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी'. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळं इथं त्यांच्याबद्दल माहेरवाशिणीसारखं बोललं जातं. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि सनातनी घरातली ही बाई एका दिवसात अधांतरी लोंबकळली. पाच वर्षांनी तिनं स्वतःच्या बुद्धीनं तोच धर्म स्वीकारला. हे सगळं ती हसत हसत सांगते, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर फिरक्या घेत. सुनीताबाईंचं पुस्तक 1990 सालचं. त्या हसत नाहीत, तपासतात. पु. लं.ना तपासतात आणि स्वतःलाही सोडत नाहीत. प्रसिद्ध नवऱ्यांच्या या दोन बायका शेजारी बसवल्या की मराठीत साठेक वर्षांत बाईच्या लिहिण्यात काय बदललं ते कळतं. बैठकीत पुरुष मंडळी लक्ष्मीबाईंच्या बाजूनं आणि बायका सुनीताबाईंच्या बाजूनं झाल्या, याचं मला तरी नवल वाटलं नाही.

दिवाळीत जोड्या-बिड्या सगळं बाजूला पडतं. 1909 साली 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती आजही नोव्हेंबर-डिसेंबरच्या कुठल्याही वाचनयोजनेवर पाणी फिरवते. वाचनालयाच्या योजनेत पैसे भरून अंक फिरवून वाचण्यात डिसेंबर कधी सरला ते कळलं नाही.

जानेवारीत उद्धव शेळके यांची 'धग' आणि रा. रं. बोराडे यांचा 'पाचोळा'. 1960 आणि 1971. दोन्ही घरं शिंप्यांची, एक वऱ्हाडातलं, एक मराठवाड्यातलं. 'धग'मधली कौतिक नवऱ्याच्या नादानपणाशी आणि मग त्याच्या आजाराशी एकटी झुंजते. 'पाचोळा'तली पारबती स्वाभिमानी गंगारामला गावातल्या बड्यांसमोर मोडताना पाहते आणि तीच आपल्याला ते सांगते. दोन्हींच्या बोली वेगळ्या. काकूंचं माहेर अमरावतीकडचं, त्यांनी 'धग'मधली दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. मनात वाचताना रडका वाटलेला संवाद त्यांच्या तोंडून ऐकताना फणकाऱ्याचा निघाला. बोलीतली पुस्तकं निदान एकदा त्या भागातल्या माणसाकडून ऐकावीत.

फेब्रुवारीत दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' (1962) आणि इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (1967) घेतलं. विषय एकच, महाभारतातली माणसं. ही जोडी मात्र फसली. दोन्ही पुस्तकं थोर आहेत, पण इतकी उघड जोडी लावली की कर्णाच्या बाबतीत कोणाचं बरोबर यावर गुण देण्यापलीकडं बैठक गेली नाही. विषय सारखा म्हणून जोडी लावू नये. सांगाडा सारखा आणि मुलूख वेगळा असेल तर ती बोलते; निदान आमचा अनुभव तसा.

जी. ए. कुलकर्णींना आम्ही जोडी लावायच्या भानगडीतच पडलो नाही. 'काजळमाया' फाल्गुनासाठी घेतलं आणि महिन्यात दोनतीन कथांपलीकडं कोणी गेलं नाही. जी. एं.ना महिन्याच्या मापात बसवणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' मात्र मी वर्षभर महिन्यागणिक एकेक प्रकरण असं वाचलं. चैत्रातलं वाचून खाली उतरलो तर कोपऱ्यावरच्या पिंपळाला तांबूस तुकतुकीत पालवी फुटलेली. पुस्तक 1956 सालचं आहे आणि त्यातलं बरंचसं नाशिकच्या रस्त्यावर अजून पडताळून पाहता येतं.

नव्या चैत्रासाठी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या दोन कादंबऱ्या ठरल्या आहेत, जयवंत दळवींची 'चक्र' आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी'. वैशाखात राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' आणि त्याच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. एकात हरणाचं पिल्लू, दुसऱ्यात वानरांची टोळी. ज्येष्ठाला विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्यायची आहे. 1939 सालची, बोटीवर घडणारी, शंभर-सव्वाशे पानांची ही कादंबरी. तिच्याजवळ कोणतं पुस्तक ठेवावं ते अजून कोणाला सुचलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवावं, पण कथानक न सांगता.