सुट्टीत मुंबईला जाताय? कचऱ्यावर उगवलेलं रान बघून या!

मंडळी, सुट्टी लागली की गावातली पोरं मामाकडं, आत्याकडं मुंबईला जातात. राणीची बाग होते, चौपाटी होते, मॉलमधले सरकते जिने चार वेळा चढून-उतरून होतात. आठ दिवसांनी पोरं परत येतात आणि ‘काय बघितलंस रं?’ म्हटलं की जिन्याचंच सांगतात. यंदा त्या यादीत आणखी एक ठिकाण घाला. पोरांना एकटं पाठवू नका, तुम्हीही जा. घरात चालतीफिरती आजी असेल तर तिला आधी न्या. असं का, ते पुढं सांगतो.

हे ठिकाण म्हणजे धारावीतलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मध्य रेल्वेच्या शीव स्टेशनपासून जवळ, वांद्रे-शीव जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोच्या समोर. एका बाजूला दाटीवाटीची धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी आणि तिच्या पलीकडं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती. मध्ये सुमारे ३७ एकरांचं हे रान.

खाली कचरा, वर झाडी

आता तुम्ही म्हणाल, आम्ही रानातच राहतो, आम्हाला मुंबईचं रान काय दाखवता? प्रश्न रास्त आहे. पण हे रान उभं कशावर आहे ते ऐका. पूर्वी ही मुंबईचा कचरा टाकायची जागा होती. १९७७ साली इथं कचरा टाकणं थांबलं. या जागेवर निसर्ग शिक्षणाचं उद्यान करावं ही कल्पना पुढं आली आणि १९८३ मध्ये थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते इथं पहिलं झाड लागलं. पुढं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं उद्यान उभं केलं आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, ते लोकांसाठी खुलं झालं.

शेतकऱ्याला यातली मेख लगेच कळेल. कचरा कुजताना आत उष्णता तयार होते, वायू तयार होतात. मुळांना लागणारी हवा तिथं मिळत नाही, झिरपणारं पाणी घाण असतं. अशा जागी नुसता खड्डा खणून रोप लावलं तर ते तग धरत नाही. आधी वर माती चढवावी लागते, मग काटक झाडं धरावी लागतात. त्यांचा पाला गळतो, कुजतो, मातीत मिसळतो आणि ती माती हळूहळू पुढच्या झाडांना पोसायला लागते. आपल्या मुरमाड माळावर काही उगवत नाही म्हणून हात टेकलेल्या माणसानं हे एकदा डोळ्यांनी बघावं. पावसाचं पाणी साठवून ते झाडांना देण्याची सोयही या उद्यानात केलेली आहे. तीही नीट बघा, शेततळ्याची आठवण होईल.

तिथं शिकवतात काय?

हे उद्यान बाकावर बसून भेळ खाण्यासाठी केलेलं नाही, ते शिकण्यासाठी आहे. इथं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या सहली येतात आणि घरच्या मंडळींसाठीही कार्यक्रम होतात. निसर्गफेरी, पक्षिनिरीक्षण, फुलपाखरांची ओळख, औषधी वनस्पती, रोपवाटिका, गांडूळखत, परसबाग असे त्यांचे विषय. कुठला कार्यक्रम कधी आहे याची चौकशी करूनच निघावं, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

मुंबईत अशा आणखीही जागा आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथंही फुलपाखरं आणि पक्षी बघायला लोक मुलाबाळांसह जातात. पाऊसपाण्याचे दिवस असतील तर फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. तिथलं निसर्गविषयक दालन याच सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं. जो प्राणी रानात क्षणभर दिसून नाहीसा होतो, तो तिथं पोराला हवा तेवढा वेळ निरखता येतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे आईबाप आणि पोरं एकाच पायवाटेनं चालतात आणि एकच पान हातात घेऊन बघतात. शाळेत पोरगं एकटं शिकतं. घरी येऊन सांगायला गेलं तर बापाला वेळ नसतो. इथं बापालाही ठाऊक नसतं आणि पोरालाही नसतं, मग दोघं मिळून विचारतात. असं शिकलेलं घरात टिकतं.

आपल्या शेताशी याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो रोखीचा आहे. एक उदाहरण देतो. लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी तुम्ही बघितली असेल. मोठी झाली की ती हिरवी होते. आपण तिला पाने खाणारी अळी म्हणतो आणि दिसली की पंप पाठीला लावतो. मुंबईच्या पोराला तीच अळी लिंबावरच्या फुलपाखराचं पिल्लू म्हणून दाखवतात. दोन्ही खरंच आहे. रोपवाटिकेत, लहान कलमांवर ही अळी नुकसान करते, तिथं ती हातानं वेचून काढावी. पण भरल्या मोठ्या झाडाची चार पानं गेली म्हणून फवारणीचा खर्च करण्यात अर्थ नाही.

आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं मोठं फुलपाखरू. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य झालं. सगळीच पानं फवारून ठेवली तर नीलवंत यायचा कुठून?

पक्ष्यांचंही तसंच. हरभऱ्यात घाटेअळीसाठी टी आकाराचे पक्षीथांबे लावा, असं आम्ही बैठकीत घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. लोक माना डोलावतात आणि घरी जातात. पण ज्यानं कोतवाल पक्ष्याला तारेवरून झेप घेऊन किडा टिपताना एकदा शांतपणे बघितलंय, त्याला थांबा का लावायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. घुबडाला अशुभ म्हणून दगड मारणाऱ्या पोराला गव्हाणी घुबड उंदीर खातं, हे एकदा नीट समजलं की दगड खाली पडतो. माझ्या मते पक्षिनिरीक्षण ही पीक संरक्षणाची पहिली इयत्ता आहे.

झाडं आहेत, नावं चालली

आता खरं दुखणं सांगतो. मुंबईनं कचऱ्यावर माती टाकून रान केलं आणि पोरांना झाडांची नावं शिकवायला माणसं नेमली. आपल्याकडं रान आयतं आहे, पण नावं शिकवणारं कुणी उरलं नाही. ज्यांना येतात त्या आज्या ओसरीवर बसून आहेत आणि पोरं मोबाइलवर आहेत.

मध्यंतरी एका गावात बांधावरून फिरत होतो. सोबत आठवीतली पाच-सहा पोरं होती. एका झाडाचं नाव विचारलं तर एकानं झटकन मोबाइल काढला, फोटो मारला आणि लॅटिन नाव वाचून दाखवलं. पोरगं हुशारच म्हणायचं. इतक्यात शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी थांबल्या.

“काय बघताय रं पोरांनू?”

“झाडाचं नाव बघतोय, आजी.”

“त्यात बघायचं काय? कुडा हाय त्यो. पांढरा कुडा. पोटात मुरडा आला की ह्याची साल काढायचो आमी. काळा कुडा येगळा. त्येच्या शेंगांची जोडी शेंड्याला चिकटल्याली असती, ह्याची सुटी असती.”

पोरांनी वर बघितलं. शेंगा खरंच सुट्या होत्या. एवढं सांगून आजी शेळ्यांमागं निघाल्या. फोननं सांगितलं तेही बरोबरच होतं. पण ह्या दोन कुड्यांत गावची माणसं फरक कसा करतात, कशासाठी करतात, हे फोनला विचारायचं पोरांना सुचलंही नसतं. मुंबईत असा वर्ग भरवायला उद्यान, इमारत आणि मार्गदर्शक लागतो. आपल्या गावात तो दोन मिनिटांत, फुकट झाला. फक्त तो योगायोगानं झाला. तो ठरवून व्हायला हवा.

एक रविवार गावासाठी

म्हणून सुरुवातीला म्हटलं, की आजीला मुंबईला न्या. तिथल्या पायवाटेवर ओळखीचं झाड दिसलं की ती आपोआप बोलायला लागेल आणि आपल्याला जे येतं ते शिकवण्याजोगं आहे, हे तिला आणि तुम्हालाही कळेल. परत आलात की असाच एक रविवार गावात ठरवा. पैसा लागत नाही. गावाला देवराई असेल तर उत्तम. नसेल तर ओढ्याचा काठ, शाळेचं आवार, जुना बांध, काहीही चालेल. देवराईतल्या झाडांचा अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरून केला, तेव्हा तिथं किती वनस्पती जपल्या गेल्यात ते पुढं आलं. तुमच्या देवराईत काय आहे ते तुम्हीच मोजा.

सकाळी सातला निघा, दहाला परत या. वीस-पंचवीस माणसंच घ्या, जत्रा करू नका. पुढं जाणकार आजी-आजोबा, मागं आईबाप, मध्ये पोरं. प्रत्येक पोरानं एकच झाड धरायचं आणि त्याच्याबद्दल पाच गोष्टी लिहायच्या: गावातलं नाव, जागा, फुलं-फळं येण्याचा महिना, उपयोग आणि ही माहिती कुणी सांगितली त्या माणसाचं नाव. ही शेवटची गोष्ट विसरू नका. आपलं नाव वहीत लिहिलं गेलं की म्हातारं माणूस पुढच्या वेळी स्वतःहून येतं. एखादं पान जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. आमच्या पानाचा तेवढाही उपयोग झाला तर आनंदच आहे!

दोन पथ्यं मात्र पाळा. नुसत्या ओळखीवर काहीही तोंडात घालू नका. कण्हेर, धोतरा, गुंजेच्या बिया विषारी असतात, हे पोरांना आधी बजावा. झाडपाल्याचा उपयोग लिहून ठेवणं वेगळं आणि घरी औषध करणं वेगळं, त्यासाठी डॉक्टर-वैद्य आहेत. दुसरं, रोपं उपटू नका, साली सोलू नका. पानं मोजकी घ्या.

निमित्त हवं असेल तर तीही आहेत. २०२० पासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्याच वर्षापासून कृषी विभागाचा रानभाजी महोत्सवही ऑगस्टमध्ये होतो. तिथं टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली विकत घेऊन जाण्याआधी ती विकणाऱ्या बाईला दोन प्रश्न विचारा: ही कशी ओळखायची आणि कशी शिजवायची? खाजरं अळू चिंच घालून का शिजवतात, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती नुसती भाजी देऊन भागत नाही.

नोंदवही कुणाची?

शेवटी एक कामाची गोष्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं गावच्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावातली झाडं, पिकांचे जुने वाण, जनावरं, पक्षी आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान, हे सारं त्या वहीत हवं. राष्ट्रीय हरित लवादानं या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि ठिकठिकाणी वह्या घाईनं भरल्या गेल्या. तुमच्या गावच्या वहीत तुमच्या आजीला विचारून लिहिलेलं किती आहे आणि शेजारच्या गावच्या वहीतून उतरवलेलं किती, हे तुम्हीच वाचून ठरवा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत घरपट्टी भरायला जाल, तेव्हा ती नोंदवही बघायला मागा. घरी पोराला आणि आजीला शेजारी बसवून तिच्यातली नावं मोठ्यानं वाचा. ज्या नावाला आजी मान हलवेल तिथं खूण करा. जे तिला माहीत आहे आणि वहीत नाही ते वेगळ्या कागदावर लिहा आणि समितीकडं नेऊन द्या. कागदाची पोच घ्यायला विसरू नका.