आई रडते, पण आवाज कुणाचा?

बालमित्रांनो, टीव्हीवर सिनेमा लागला, की पाच मिनिटं आवाज बंद करून पाहा बरं! माणसं पळतात, हसतात, रडतात. पण आपलं मन काही हलत नाही. आमच्या चौथीच्या वर्गात मी हे करून पाहिलं. मुलं म्हणाली, “बाई, हे तर नुसतं चित्र झालं!”

मग या चित्रात जीव कोण ओततं? त्याचीच ही गोष्ट.

सत्यजित राय यांचा पहिला बंगाली चित्रपट ‘पथेर पांचाली’ १९५५ साली आला. संगीत द्यायचं होतं थोर सतारवादक पंडित रविशंकर यांनी. पण त्यांचे कार्यक्रम गावोगावी चाललेले. वेळ मिळाला तो फक्त एका रात्रीचा! मग काय, रात्रभर जागून सुमारे अकरा तासांत बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित झालं.

त्यातला एक प्रसंग ऐका. अपूची ताई दुर्गा पावसात भिजते, तापाने फणफणते आणि जाते. वडील परगावी. त्यांना काहीच ठाऊक नाही. ते परततात, हौसेने एकेक वस्तू काढतात आणि दुर्गासाठी आणलेली साडी आईच्या हातात देतात. इतके दिवस गप्प असलेली आई कोसळते. तिचं तोंड उघडतं. पण तिचा आवाज येतच नाही! ऐकू येते ती तारशहनाई. हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. त्याला कर्णा जोडलेला असतो, म्हणून त्याचा सूर शहनाईसारखा येतो. त्यावर पटदीप रागाचे उंच, आर्त सूर वाजतात.

वर्गात हे दृश्य दाखवलं, तेव्हा एरवी चुळबुळणारी मुलं चिडीचूप झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, त्या आईचं रडणं ऐकूच आलं नाही, तरी मला रडू आलं.” मला तरी याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या कलाकारांचं काम! पण याच चित्रपटात अपू-दुर्गा मिठाईवाल्याच्या मागे जातात, तिथली सतार चक्क कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वाजवली आहे.

तेव्हा तुम्हीही करून पाहा. एक मिनिटाचं दृश्य निवडा. आवाज बंद करा. दृश्य कुठे बदलतं, ते घड्याळ लावून सेकंदांत लिहून काढा. ते दृश्य कुणाच्या मनाचं आहे, ते ठरवा. मग पेटी, खंजिरी, रिकामा डबा, नाहीतर नुसता गळा, जे असेल त्यावर आपली स्वतःची छोटी सुरावट बसवा. आमच्या मुलांनी आधी सगळं एकदम वाजवलं. नुसता गोंगाट! मग एकेक वाद्य काढत गेलो. शेवटी उरली एकटी पेटी, आणि दृश्य बोलायला लागलं.

कुठे वाजवायचं, हे तर ठरवाच. पण कुठे गप्प बसायचं, हेही ठरवा. आणि तुमचं संगीत कसं झालं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा हं!