सगळे हक्क, एक सोडून

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर वनहक्काचा पट्टा हातात घेऊन सावकाश वाचावा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हा कागद. कुटुंबातली माणसं विवाहित असतील तर त्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. ती एकत्र लावायची हे कायद्यातच लिहिलेलं आहे. जमीन जास्तीत जास्त चार हेक्टर. ती कसायची, तिच्यावर राहायचं, आपल्यामागे ती मुलाबाळांकडे वारसाने जाणार. आणि त्यानंतर एक अट येते: ही जमीन विकता येणार नाही, दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येणार नाही.

जमीन तुमची, पण विकायची नाही. मग मालक कोण?

हा प्रश्न सातपुड्यापुरता नाही. त्याचा माग काढत गेलं की तो मुंबईतल्या गावदेवीला नेतो, अमेरिकेतल्या जॉर्जियाला नेतो, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमध्ये नेतो आणि शेवटी आपल्याच एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेत आणून सोडतो. तिथे सभासदांपुढे ठराव असतो: आपली घरं अटीखाली, म्हणून स्वस्त, अशीच राहू द्यायची की पैसे भरून मोकळी करून घ्यायची?

मालकी ही एकसंध वस्तू आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ती मोळी आहे. राहण्याचा हक्क, कसण्याचा, भाड्याने देण्याचा, गहाण टाकण्याचा, वारसांना ठेवण्याचा, परक्याला आत येऊ न देण्याचा, आणि विकण्याचा. यातलं एखादं लाकूड ओढून काढलं तरी मोळी मोळीच राहते. मला थक्क करणारी गोष्ट ही की विकण्याचा हक्क तेवढा बाजूला काढला तर माणसाच्या रोजच्या जगण्यात काहीच कमी होत नाही. चूल तीच, अंगण तेच, मुलांच्या शाळेचा दाखला त्याच पत्त्यावर. पण किंमत कोसळते. कारण घराची किंमत फक्त विटा, सिमेंट आणि जागेची नसते. पुढे कधीतरी कुणीतरी यापेक्षा जास्त देईल या आशेचा तिच्यात मोठा वाटा असतो. आशा वजा केली की उरतं ते राहण्यापुरतं घर, आणि ते कष्टकऱ्याच्या आवाक्यात येतं.

नंदुरबार जिल्ह्याने हा धडा घरांच्या नव्हे, शेतीच्या बाबतीत आणि फार महाग किंमत देऊन शिकलेला आहे. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ला. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात भिल्लांच्या जमिनी कर्जापोटी, अंगठ्यापोटी, दुष्काळातल्या धान्यापोटी हातच्या गेल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने त्या परत मिळवण्यासाठी शहाद्यात लढा उभा केला. १९७४ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायची तर आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्री असेल तर त्याआधी राज्य सरकारची मान्यताही. वरवर पाहिलं तर हा आदिवासी शेतकऱ्याच्या हक्कावरच घातलेला बांध दिसतो. पण ज्याला विकता येतं त्याला विकायला लावताही येतं. सावकाराला नेमकं तेच लाकूड हवं असतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती झाकून ठेवणं अन्याय होईल. विकता न येणारी जमीन बँकेला तारण म्हणून जवळजवळ निरुपयोगी. मुलीला नर्सिंगला पाठवायचं आहे, घरात मोठं आजारपण आलं आहे, अशा वेळी शेजारच्या गावातला खातेदार जमिनीवर कर्ज काढतो आणि पट्टेदाराला नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो. ज्या अटीने जमीन वाचते, तीच अट अडचणीच्या दिवशी आडवी येते.

आता शहरात येऊ. महसूल संहितेने जमीन धारण करणाऱ्यांचे मुख्य वर्ग पाडले आहेत. भोगवटादार वर्ग-१, म्हणजे विक्रीला मोकळा. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे हस्तांतरणावर बंधन. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर ही नोंद दिसते. सरकारने सवलतीच्या दरात जमिनी देऊन ज्या गृहनिर्माण संस्था उभ्या राहू दिल्या, कर्मचाऱ्यांच्या, मागासवर्गीयांच्या, अल्प उत्पन्न गटाच्या, त्यांच्यापैकी पुष्कळ या दुसऱ्या वर्गात मोडतात. तिथे सदनिका विकायची तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, नवा सभासद पात्र आहे का याची तपासणी, वर नजराणा. परवानगी न घेता व्यवहार केला तर शर्तभंग. असे शर्तभंग झालेच नाहीत असं कुणी म्हणणार नाही. कागदावरची अट आणि इमारतीतला व्यवहार यांत पुष्कळ ठिकाणी अंतर पडलेलं आहे. मार्च २०१९ मध्ये राज्याने नियम केले: ठरावीक रक्कम भरा आणि वर्ग-२चे वर्ग-१ व्हा. तेव्हापासून हा विषय अशा अनेक संस्थांच्या सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतो आहे.

या संस्थांची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. तिची घडण आजच्या फ्लॅटवाल्यांना चक्रावून टाकणारी होती. जमीन संस्थेची, इमारतीही संस्थेच्या, आणि सभासद स्वतःच्याच संस्थेचे भाडेकरू. म्हणजे एकाच वेळी मालकही आणि भाडेकरूही! आपल्या सहकारी संस्थांच्या १९६१च्या नियमांत हा प्रकार आजही आहे: भाडेकरू-सहभागीदारी संस्था. दुसरा प्रकार भाडेकरू-मालकी संस्था, जिथे जमीन संस्थेची पण घर सभासदाचं. कपाटात जपून ठेवलेला तो पन्नास-पन्नास रुपयांच्या पाच शेअर्सचा भागदाखला या सगळ्या विचाराचीच खूण आहे. कायद्याच्या भाषेत आपण आधी सभासद असतो, मग घराचे धनी.

सभेत हात वर करण्याआधी एक हिशेब कागदावर मांडून बघावा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, चाळीस घरांची संस्था आहे. अटीसकट सदनिकेला २५ लाख मिळतात, मोकळी असती तर ४० लाख मिळाले असते. अट काढण्यासाठी घरामागे ४ लाख भरावे लागतात. ठराव मंजूर झाला की कागदावर प्रत्येक कुटुंब ११ लाखांनी श्रीमंत. चाळीस घरांचे ४ कोटी ४० लाख, एका संध्याकाळच्या सभेत. हे पैसे आले कुठून? कुणी नवी वीट रचली नाही. काल जी सवलत घरात मुरलेली होती, ती आज रोख झाली. आणि ती एकदाच रोख होते. पुढचं कुटुंब, समजा जिल्हा रुग्णालयातली परिचारिका किंवा एसटीतला वाहक, २५ऐवजी ४० लाख मोजणार. त्याच्यासाठी ही संस्था स्वस्त घरांची राहिलेली नसते. ज्यांना घर विकायचंच नाही, मरेपर्यंत इथेच राहायचं आहे, त्यांच्या हाती त्या ११ लाखांतला एक रुपयाही येत नाही, फक्त ४ लाख जातात. म्हणून या ठरावावर एकाच जिन्यातले शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. ज्याला विकायचं आहे, ज्याला राहायचं आहे आणि जो अजून आलेलाच नाही, अशा तिघांचे हे तीन प्रश्न असतात, आणि तिसऱ्याला सभेत मत नसतं.

न्यूयॉर्कमध्ये हे मतदान अगदी उघड्यावर, वर्षानुवर्षांच्या भांडणांनंतर झालं. १९५५ साली त्या राज्याने मिचेल-लामा नावाचा कायदा केला: सरकार स्वस्त कर्ज आणि करात सूट देणार, बदल्यात सभासदाने घर सोडताना साधारण घातले तेवढेच पैसे परत घ्यायचे. मात्र वीस वर्षांनी संस्थेला यातून बाहेर पडण्याची मुभा ठेवली. दक्षिण मॅनहॅटनमधल्या साउथब्रिज टॉवर्समध्ये १,६५१ घरं. २०१४ मध्ये तिथे मतदान झालं, दोन-तृतीयांश मतं लागत होती, आणि ती जेमतेम मिळाली. संस्था बाजारात गेली. त्याच शहरात पेन साउथ ही दुसरी वसाहत आहे, २,८२० घरांची, कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने उभारलेली. १९६२ मध्ये तिच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. तिथल्या सभासदांनी पुन्हा पुन्हा उलट कौल दिला: करसवलत चालू ठेवा, आम्ही घरं बाजारभावाने विकणार नाही. मॅनहॅटनच्या मधोमध, जिथे एका खोलीसाठी लोक आयुष्याची कमाई ओततात, तिथे हजारो माणसांनी हातात येणारा पैसा सोडून दिला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पण सगळ्यात मोठं आश्चर्य पुढे आहे, आणि त्याचा धागा खानदेशाला लागून जातो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा पुढे १९५१ मध्ये पोचमपल्लीहून भूदानाला निघाले. भूदानातून ग्रामदान निघालं. सातपुड्यातल्या अक्राणी महालातही ग्रामदानाचं वारं पोचलं. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते. कसणं आणि वारसा कुटुंबाकडे राहतो. बाहेरच्याला विकणं बंद. वनहक्काच्या पट्ट्याजवळ जाणारीच ही मोळी, त्याच लाकडाशिवाय. अमेरिकेत बॉब स्वान आणि राल्फ बोर्सोदी यांनी या कल्पनेचा अभ्यास केला. १९६९ मध्ये जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी न्यू कम्युनिटीज ही संस्था उभी राहिली: जमीन सामाईक न्यासाची, वापर कुटुंबांचा. ती शेती १९८५ मध्ये कर्जापायी गेली. पण तोवर कल्पनेने मूळ धरलं होतं. १९८४ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात तिच्या आधारावर स्वस्त घरांचा न्यास सुरू झाला.

बर्लिंग्टनची युक्ती मला फार सुंदर वाटते, कारण तिने विकण्याचं लाकूड मोळीतून काढलं नाही, ते कापून आखूड केलं. जमीन न्यासाची, घर तुमचं. विकताना तुम्ही भरलेले पैसे परत मिळतात, शिवाय घराची किंमत जितकी वाढली तिचा एक चतुर्थांश तुमचा. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणजे पुढच्या कुटुंबाला ते पुन्हा बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतं. वरच्या उदाहरणात बसवून बघा. १५ लाखांच्या फरकातले पावणेचार लाख जाणाऱ्याच्या खिशात, सव्वाअकरा लाख येणाऱ्याच्या सवलतीत. पट्टेदाराची अडचण आणि सावकाराची भीती, दोन्हींचा एकाच नियमात विचार झाला आहे.

इकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने उलट्या दिशेचं पाऊल टाकलं. २०१३ मध्ये त्या गावाने आपल्या खासगी जमिनी ग्रामदानात गावाच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळे तयार होईपर्यंत बोलत राहतात. चाळीस घरांच्या संस्थेला असं करणं जमेल का, मला माहीत नाही, पण या एका विषयावर प्रयत्न करून बघावा असं फार वाटतं.

वर्ग-१ होणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांची इमारत, गळणारे स्लॅब, बाहेर आलेल्या सळया, आणि पुनर्विकासाची फाइल प्रत्येक टेबलावर थांबलेली. अशा ठिकाणी सभासदांनी अट सोडवून घेतली तर त्यांना दोष देणारा मी कोण? पण आपल्या नियमांत दोनच टोकं आहेत, बंद किंवा खुलं. मधलं बर्लिंग्टन आपल्याकडे नाही, आणि त्या कल्पनेचं बियाणं इथूनच गेलेलं होतं. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर ही शहरं अजून वाढायची आहेत. सरकारी जमिनीवर पुढे ज्या संस्था येतील, त्यांच्या वाटपाच्या आदेशातच विक्रीचं सूत्र लिहून ठेवता येईल: भरलेले पैसे, अधिक वाढीतला ठरावीक हिस्सा. आणि ज्या संस्था आज ठराव आणत आहेत, त्यांच्या नोटिशीत नजराण्याच्या रकमेशेजारी आणखी दोन आकडे छापायला काहीच खर्च येत नाही. विकणाऱ्या सभासदाला किती जास्त मिळतील तो एक, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या कुटुंबाला किती जास्त भरावे लागतील तो दुसरा.