आर्वीच्या छोट्या गाडीशेजारी कोणती मोटार उभी करायची?

गणपती आणि महालक्ष्म्यांच्या आराशीत आगगाडी मांडायची हौस आपल्याकडे जुनीच आहे. मुलं इंजिन करतात, डबे करतात, कापसाचे ढिगारे लावतात. मग खेळण्यांच्या दुकानातून आणलेली दोन-चार मोटारी स्टेशनसमोर उभ्या करतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. कोळशाच्या इंजिनाशेजारी आजची चकचकीत मोठी गाडी दिसली, की आजी म्हणते, "हे आमचं स्टेशन नव्हे." आज त्याच मोटारींविषयी बोलू या.

आपल्या जिल्ह्यातली पुलगाव–आर्वी ही छोटी रेल्वे सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाईन 1917 साली सुरू झाली. लांबी साधारण 35 किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. मुख्य कारण कापूस. आर्वीकडचा कापूस पुलगावला मोठ्या लाईनवर आणायचा आणि तिथून मुंबईला पाठवायचा. आता ती गाडी बंद आहे. ज्या बायका त्या गाडीनं माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं वय झालं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोरचं स्टेशन मुलांनी मांडून ठेवलं, तर ते निदान तेवढं तरी राहील. म्हणून मी म्हणते, मांडायचं तर नीट मांडा.

पहिलं काम म्हणजे एक वर्ष ठरवणं. नुसतं "जुना काळ" म्हणून भागत नाही. 1936 म्हणा, 1965 म्हणा किंवा 1985 म्हणा. मग एकच नियम लक्षात ठेवायचा: त्या वर्षाच्या आधीची गाडी चालते, नंतरची चालत नाही. 1965 च्या रस्त्यावर 1940 ची खटारा मोटार धावू शकते, कारण आपल्याकडे गाडी मोडीत निघेपर्यंत वापरतात. पण 1936 च्या रस्त्यावर अँबॅसिडर आली, की खोटं पडलं. कारण ती गाडी निघालीच 1957-58 च्या सुमाराला.

1936 घेतलं, तर मोटारी जवळजवळ नकोतच. स्टेशनसमोर बंड्या हव्यात, रांगेनं, कापसानं भरलेल्या. माणसांसाठी दमणी आणि टांगा. लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार 1942 साली गांधीजींना भेटायला आला, तोसुद्धा वर्ध्याहून सेवाग्रामला टांग्यानंच गेला. मोटार ठेवायचीच, तर एखाद्या मालगुजाराची किंवा शेठजीची, आणि ती विलायती बनावटीची: फोर्ड, शेव्हरोले. फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्या तेव्हा मुंबईत सुट्या भागांची जुळणी करत. जमनालालजींकडची फोर्ड गाडी बैल जुंपून सेवाग्रामला जात असे आणि तिला गमतीनं "ऑक्सफर्ड" म्हणत, अशी आठवण सांगतात. ऑक्स म्हणजे बैल. अशी बैल जुंपलेली मोटार कोणाच्या आराशीत दिसली, तर मी मुद्दाम बघायला येईन! (पुढं आलेली अँबॅसिडरही मूळची विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरूनच बेतलेली होती.)

1965 घ्याल, तर चित्र बदलतं. अँबॅसिडर आली, फियाट आली, पण दोन्ही डॉक्टर, वकील आणि साहेबांच्या. जीप हवी, कारण तहसीलचा आणि शेतकी खात्याचा माणूस जीपनंच फिरे. ट्रक हवा तो लांब नाकाचा, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या पुढं असलेला. टाटांनी 1954 साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या साहाय्यानं ट्रक सुरू केले. तो करार 1969 मध्ये संपला. तोवरच्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांची चांदणी, नंतरच्यांवर टाटांचा "टी". मुलांना ही खूण सांगा, त्यांना फार आवडते. एसटीची बस ठेवायला हरकत नाही, कारण 1956 साली आपण मुंबई राज्यात गेलो. पण 1950 चं दृश्य मांडलं, तर एसटी नको. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर.

1985 च्या दृश्यात मात्र गर्दी करा. लूना आणि बजाज चेतक 1972 पासूनच्या. फियाटचं नाव तोवर प्रीमियर पद्मिनी झालेलं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, म्हणजे गावात एखादीच, आणि तिच्याभोवती पोरं. टाटा 407 नको, ती 1986 ची. इथं एक गंमत आहे. आपल्या लाईनची बहीण म्हणावी अशा मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन चालत होतं. तेव्हा त्या मार्गाचं दृश्य केलं आणि धुराच्या इंजिनाशेजारी मारुती उभी केली, तर बघणारे हसतील, पण तुम्ही बरोबर असाल.

नंबरप्लेटही बघा. एमएच-32 ही आपल्या जिल्ह्याची पाटी आहे, पण एमएच ही पद्धत 1989 ची. त्याआधीच्या गाडीवर ती लावू नका.

आता मापाचं. पुष्कळ तयार रेल्वे मॉडेलं मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असतात. त्या मापात आपली अडीच फुटी लाईन जेमतेम 9 मिलिमीटर रुंद होते, अँबॅसिडर 5 सेंटिमीटर आणि पाच फुटांची बाई पावणेदोन सेंटिमीटर. बाजारात मिळणाऱ्या लहान मोटारी बहुतेक याहून मोठ्या असतात. शेजारी ठेवल्या की इंजिनच खेळणं वाटतं. म्हणून मोटार विकत घेण्याआधी पट्टी घेऊन जा. किंवा इंजिन पुठ्ठ्याचं करणार असाल, तर उलट करा: मोटारीच्या मापानं इंजिन बेता. ते सोपं पडतं आणि पैसेही वाचतात. कोणी पुण्याला जाणार असेल, तर कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मुलांना दाखवा. ते 1998 पासून सुरू आहे. रस्ता, माणसं आणि रूळ यांचं माप जुळलं की काय होतं, ते तिथं कळतं.

आणि कोणत्या वर्षी गावात काय होतं, हे शोधायला पुस्तक नको. घरातला लग्नाचा अल्बम काढा. वरातीच्या फोटोत मागं उभी असलेली गाडी बघा. लग्नाचं साल आजीला पाठ असतंच. त्या फोटोत मोटारीपेक्षा सायकली आणि बंड्या जास्त दिसतील. आराशीतही तेच प्रमाण ठेवा. बंडी खराट्याच्या काड्यांची होते, चाकं जाड पुठ्ठ्याची. शेवटी सगळ्यावर पिठाच्या चाळणीनं काळी माती वस्त्रगाळ करून भुरभुरा, मोटारींवर जरा जास्त, कारण आर्वीचा रस्ता तेव्हा डांबरी नव्हता असं मांडायचं असेल तर चकचकीत रंग चालायचा नाही.