शिवजयंतीचा वाद भोरच्या एका कागदाने सोडवला. मग इतिहास कॉलेजात सगळ्यांनाच सक्तीचा करायचा का?

१९ फेब्रुवारीला स्टेटसवर शिवजयंतीच्या शुभेच्छा पडतात. फाल्गुन वद्य तृतीयेला पुन्हा पडतात. मग कुणीतरी विचारतंच, "खरी जयंती नक्की कोणती?" आणि खाली भांडण सुरू होतं.

गंमत अशी की या दोन्ही एकाच दिवसाच्या खुणा आहेत. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, वार शुक्रवार. एक तिथी, दुसरी तारीख. त्यातही ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर लावलं तर तोच शुक्रवार १ मार्च १६३० ला येतो. म्हणजे कमेंटमध्ये जे भांडतात ते दोघंही एकाच दिवसाबद्दल भांडत असतात.

खरा वाद वेगळाच होता आणि तो सुटायला सुरुवात झाली भोर तालुक्यातून. इतिहास हा विषय इंजिनिअरिंग, कॉमर्स, नर्सिंग अशा सगळ्याच विद्यार्थ्यांना सक्तीचा करावा का, ही चर्चा अधूनमधून होत असते. तिचं उत्तर शोधायला हा वाद फार उपयोगी आहे.

कारीच्या घरातली नोंदवही

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो आणि वरवे बुद्रुक लागतं. पुढे नसरापूरवरून उजवीकडे वळलं की राजगड आणि तोरणा. हायवेने आणखी पुढे जाऊन कापूरहोळवरून वळलं की भोर, आणि त्याच्याही पलीकडे रोहिडा, रायरेश्वर आणि कारी. कारी हे जेधे देशमुखांचं गाव. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले.

या घराण्याकडे एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षवार नोंदी: अमुक शके, अमुक तिथी, अमुक घटना. वर्णन नाही, कौतुक नाही. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती छापून आली. तोपर्यंत बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा मानला जायचा. शकावलीतली नोंद शके १५५१ च्या फाल्गुनातली होती. फरक जवळपास तीन वर्षांचा.

एका घराण्याच्या वहीवर विश्वास का ठेवायचा? अभ्यासकांनीही तो लगेच ठेवला नाही. पुढे कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत काव्य तंजावरच्या हस्तलिखितांत सापडलं आणि १९२७ मध्ये छापलं गेलं. त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच. जोधपूरकडे जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तिथीशी जुळली. भोर, तंजावर, जोधपूर. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणचे तीन कागद एकच दिवस सांगत होते. तरी वाद चालूच राहिला. १९६६ मध्ये राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी पातळीवर स्वीकारली गेली ती २००१ मध्ये. कागद छापला गेल्यापासून ८५ वर्षांनी.

इतिहास शिकणं म्हणजे काय, हे यात दिसतं. तारीख पाठ असणं वेगळं. ती तारीख कशावरून ठरली, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याचा त्यात काय फायदा होता आणि दुसरा कुठला कागद तेच सांगतो का, हे विचारता येणं वेगळं.

आत्ता सक्तीचं काय आहे?

महाराष्ट्र बोर्डात इतिहास दहावीपर्यंत सगळ्यांना असतो. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेने होते, पुढे उपयोजित इतिहास येतो. इतिहास कसा लिहिला जातो हे पंधरा वर्षांच्या मुलांना सांगायचा हा प्रयत्न चांगलाच होता. पण वरव्यातली मुलगी दहावीनंतर सायन्स किंवा कॉमर्सला गेली की तिचा इतिहास तिथेच संपतो. मतदानाचा हक्क मिळतो त्या वयात हा विषय आयुष्यातून गेलेला असतो.

कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे विषय क्रेडिटमध्ये मोजले जातात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. एप्रिल २०२३ च्या राज्याच्या शासन निर्णयाने मेजर आणि मायनरच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली असे कप्पे केले. ज्ञानप्रणालीची दोन क्रेडिट सगळ्यांनाच घ्यावी लागतात. इतिहास मात्र ओपन इलेक्टिव्हमध्ये, तोही कॉलेजने ठेवला असेल तरच.

काहींना वाटतं, ज्ञानप्रणाली म्हणजे इतिहासच की! मला तसं वाटत नाही. परंपरेत काय होतं याची ओळख करून देणं हे एक काम. त्याबद्दलचा एखादा दावा तपासून पाहणं हे दुसरं.

सक्ती केली की विषयाचं काय होतं

आपल्याकडे याचं तयार उदाहरण आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याची दिशा दिली. पुढे यूजीसीने सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी एकच पर्यावरणाचा कोर्स तयार केला. हेतूबद्दल शंका नाही. पण पदवी घेतलेल्या कुणालाही विचारा, त्या पेपरमधलं काय आठवतं? बहुतेकांना आठवतो तो सीनियरकडून उतरवून घेतलेला प्रोजेक्ट.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. सक्तीचा इतिहास म्हणजे लाखो विद्यार्थ्यांना एकच पुस्तक, आणि ते लिहिणारा एकच हात. पाकिस्तानात पदवीलाही 'पाकिस्तान स्टडीज' सक्तीचा झाला. तिथल्याच के. के. अझीझ या इतिहासकाराने पहिलीपासून पदवीपर्यंतची ६६ पाठ्यपुस्तकं तपासली आणि त्यांतल्या चुकांवर, खोट्यावर १९९३ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'इतिहासाचा खून' अशा अर्थाचं आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात सरकारी कॉलेजातल्या प्रत्येक पदवीधराला कायद्याने सहा क्रेडिट अमेरिकन इतिहास घ्यावा लागतो. तिथे काय शिकवायचं यावरून राजकारण कायम तापलेलं असतं. आपल्याकडे सत्ता बदलली की शालेय पुस्तकांतले धडे बदलतात, हे तर आपण बघतोच.

मग सक्ती नकोच का? इथे मी थोडा अडखळतो, कारण सक्ती नसण्याची किंमतही आपण मोजतोय. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. कारण होतं जेम्स लेन यांच्या पुस्तकातला मजकूर, नुकसान झालं ते ग्रंथांचं आणि हस्तलिखितांचं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. इतिहासावरून पेटणाऱ्या या राज्यात दहावीनंतर तो विषय कुणाला शिकवायचाच नाही, हेही पटत नाही.

तीस तास पुरेत

माझं मत असं: इतिहासाचा अख्खा पेपर सक्तीचा करू नये. सक्तीचा करावा तो पुरावा तपासण्याचा छोटा कोर्स, दोन क्रेडिटचा. त्यात कुठल्याही राजवंशाची यादी नको. कॉलेज ज्या तालुक्यात आहे, तिथलेच कागद घ्यावेत.

भोरमध्ये तर कमतरता नाही. जेधे शकावली आणि जेधे करीना शेजारी ठेवून वाचायला द्या. एकात कोरड्या नोंदी, दुसऱ्यात घराणं स्वतःची हकीकत स्वतः सांगतंय. कुठे सावध राहायचं हे विद्यार्थ्याला आपोआप कळेल. रायरेश्वरच्या शपथेशी जोडलं जाणारं १६४५ चं पत्र घ्या. ते अस्सल की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही बाजू वर्गात मांडायला लावा. शपथेवर श्रद्धा असायला हरकत नाही, पण पत्रावर काय आक्षेप आहेत हे शांतपणे ऐकता आलं पाहिजे. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी १९२८ मध्ये पूर्ण झालेलं भाटघर धरण आहे. पाणी कुठे गेलं आणि जमीन कुणाची गेली, हे सरकारी गॅझेटिअर आणि गावातली म्हातारी माणसं एकसारखं सांगतात का, ते बघून यायला सांगा.

परीक्षा मात्र एमसीक्यूची नको. समोर न पाहिलेला एक कागद किंवा व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड ठेवायचा आणि विचारायचं: यातलं काय मानाल, काय नाही, कशावरून?

अडचण शिकवणाऱ्यांची आहे. राज्यात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर काम रेटणं चालू, हे जुनं दुखणं. इंजिनिअरिंग कॉलेजात इतिहासाचा माणूसच नसतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत, ते वाचू शकणारे थोडे. शिक्षक न नेमता सक्ती केली तर हा कोर्सही पर्यावरणाच्या वाटेनेच जाईल, आणि मग तो न केलेलाच बरा.

तोवर जे हातात आहे ते इतकंच: प्रवेश घेताना ओपन इलेक्टिव्हची पूर्ण यादी मागून घ्या. त्यात इतिहास असेल तर अभ्यासक्रम वाचून बघा, नुसती राजवटींची यादी आहे की साधनांवर काही आहे. यादीत इतिहास नसेल तर का नाही, हे कॉलेजला लेखी विचारता येतं. पाच-दहा जणांनी मिळून अर्ज केला तर अधिक बरं.